सुतळीच्या टोकाला जगाची मंदी

महामंदीचा धडा मुलांना पाठ होतो, पण उमगत नाही. कोलकात्याच्या गार्डन रीचसारख्या गोदी-गिरणीच्या वस्तीला रंगमंच मानले, तर सुतळीचा एक गुंडा, मनीऑर्डरचा एक फॉर्म आणि थोडेसे ध्वनिमुद्रण एवढ्या सामग्रीवर हा धडा वर्गात उभा राहू शकतो. तो कसा, ते सांगणारा हा लेख.

दहावीतल्या मुलाला विचारून पाहा, महामंदी कधी आली? 'ऑक्टोबर १९२९, न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला,' असे उत्तर तो घडाघडा देईल. आता पुढचा प्रश्न विचारा. न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, तर बंगालमधल्या शेतकऱ्याला बैलजोडी का विकावी लागली? आणि नागपूर-भंडाऱ्याकडच्या खाणकामगाराचे काम का गेले? इथे गाडी अडते. दोष मुलाचा नाही. त्याला सन शिकवला, आकडा शिकवला. पण त्या आकड्यांना जोडणारा धागा कोणी त्याच्या हातात दिलाच नाही.

एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात जागतिक अर्थव्यवस्थेवरच्या प्रकरणात महामंदी आणि तिचा भारतावर झालेला परिणाम यांची माहिती होती. सीबीएसईच्या २०२३-२४ च्या अभ्यासक्रमात या प्रकरणाचा सुरुवातीचा भागच लेखी परीक्षेसाठी ठेवला गेला आणि महामंदीचा भाग प्रकल्पाकडे गेला. 'परीक्षेला नाही ना? मग सोडून द्या,' असे म्हणणारे पालक आणि शिक्षक असतीलच. पण जो भाग परीक्षेच्या कचाट्यातून सुटला, तोच मोकळेपणाने शिकवता येतो. आणि त्यासाठी नाटकासारखे साधन नाही.

बेकार नटांचे वर्तमानपत्र

नाटकातून मंदी समजावून सांगण्याची कल्पना मंदीच्या काळातच जन्मली. अमेरिकेत १९३३ च्या सुमारास दर चार कामगारांपैकी एक बेकार होता. त्यात नट, लेखक, नेपथ्यकारही आले. त्यांना काम देण्यासाठी १९३५ मध्ये सरकारने 'फेडरल थिएटर प्रोजेक्ट' सुरू केला. त्याच्या प्रमुख होत्या हॅली फ्लॅनगन. या नटमंडळींनी 'जिवंत वर्तमानपत्र' नावाचा नवाच प्रकार रंगभूमीवर आणला. बातम्या, सरकारी अहवाल, न्यायालयातल्या साक्षी गोळा करायच्या आणि त्यांचेच छोटेछोटे प्रवेश करायचे. मध्येच ध्वनिक्षेपकावरून आवाज येई आणि आकडे सांगे. पडद्यावर चित्रे दिसत. आज आपण ज्याला मल्टिमीडिया म्हणतो, तेच हे! १९३६ मध्ये त्यांनी शेतकऱ्यांच्या दुरवस्थेवर नाटक केले, १९३८ मध्ये गरिबांच्या घरांच्या प्रश्नावर केले. १९३९ मध्ये अमेरिकन काँग्रेसने पैसा बंद केला आणि प्रकल्प संपला, पण कल्पना मागे राहिली.

आपल्याकडेही ही परंपरा परकी नाही. १९४३ मध्ये मुंबईत 'इप्टा' स्थापन झाली. पुढच्याच वर्षी बिजन भट्टाचार्य यांच्या 'नबान्न' या नाटकाने बंगालच्या दुष्काळाची कहाणी कोलकात्याच्या रंगभूमीवर आणली. त्याच दुष्काळावर आपल्या अण्णाभाऊ साठे यांनी 'बंगालची हाक' हा पोवाडा रचला. बंगालची भूक महाराष्ट्रातल्या माणसापर्यंत डफाच्या थापेवर पोचली. पुढे जयंत पवार यांच्या 'अधांतर'ने १९९७ मध्ये गिरणगावातल्या एका घराची पडझड दाखवली. मुलांच्या बाबतीत बोलायचे तर सुधा करमरकर आणि रत्नाकर मतकरी यांनी आपली बालरंगभूमी घडवली. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने १९८९ मध्ये शिक्षणातल्या नाटकासाठी स्वतंत्र पथकच उभे केले. तेव्हा साधने घरचीच आहेत, ती इतिहासाच्या तासाला आणायची एवढेच.

गार्डन रीचच का?

कोलकात्याच्या नैर्ऋत्येला, हुगळी नदीच्या काठावर गार्डन रीच वसले आहे. 'रीच' म्हणजे नदीचा लांब पट्टा. अठराव्या शतकात इथे इंग्रजांच्या बागा आणि बंगले होते, म्हणून हे नाव पडले. १८५६ मध्ये अवधचा पदच्युत नबाब वाजिद अली शहा शेजारच्या मटियाबुर्जला येऊन राहिला आणि १८८७ मध्ये तिथेच वारला. बागा पुढे मागे पडल्या. त्यांच्या जागी गोदी आल्या, गिरण्या आल्या, जहाजदुरुस्तीचे कारखाने आले. बिहार, उत्तर प्रदेशाचा पूर्वभाग, ओडिशा आणि आंध्रचा किनारा इथून माणसे पोटासाठी येत राहिली. आपल्या लालबाग-परळला कोकणातून आणि घाटावरून आली, तशीच.

मराठी वाचकाला या जागेशी आणखी एक नाते आहे. नागपूरहून पूर्वेकडे जाणारी रेल्वे ज्या कंपनीची, त्या बंगाल-नागपूर रेल्वेचे मुख्य कार्यालय गार्डन रीचलाच होते. १८८७ साली स्थापन झालेल्या या कंपनीने नागपूर-छत्तीसगड रेल्वे ताब्यात घेतली आणि तो मार्ग पूर्वेकडे वाढवला. नागपूर, भंडारा, बालाघाट भागातले मँगनीज याच रेल्वेच्या डब्यांतून समुद्राकडे जाई. आज तिथे दक्षिण-पूर्व रेल्वेचे मुख्यालय आहे.

आणि काळही पाहा. १९२८-२९ च्या सुमारास इथे 'किंग जॉर्ज' गोदी खुली झाली. आज तिला नेताजी सुभाष गोदी म्हणतात. भरभराटीच्या हिशेबाने गोदी बांधली आणि तिची दारे उघडतात न उघडतात तोच जगाचा व्यापार आटू लागला. नाटकाला याहून चांगली सुरुवात कोणती हवी?

अर्थात हे नाटक बसवायला कोलकात्याला जायला नको. सोलापूरच्या शाळेत सोलापूरच्या गिरण्यांवर, जळगावच्या शाळेत कापसावर ते होऊ शकते. गार्डन रीच हा नमुना आहे. चार प्रवेश, चाळीस मिनिटे, सगळा वर्ग सहभागी.

प्रवेश पहिला : गोणी

वर्गातली मुले गोल उभी राहतात. शिक्षक सुतळीच्या गुंड्याचे एक टोक पहिल्या मुलीच्या हाती देतात. ती मैमनसिंगची ताग पिकवणारी शेतकरीण. सुतळी पुढे जाते व्यापाऱ्याकडे, मग नावाड्याकडे, मग गिरणीतल्या विणकराकडे, गोदीतल्या हमालाकडे, जहाजावरच्या खलाशाकडे. शेवटचे टोक पोचते अर्जेंटिनातल्या गव्हाच्या आणि ब्राझीलमधल्या कॉफीच्या मळेवाल्याकडे. कारण त्या काळी जगाचे धान्य, साखर, कॉफी बंगालच्या तागाच्या गोणीत भरली जाई.

आता ध्वनिक्षेपकावरून आवाज येतो : 'कॉफीला गिऱ्हाईक नाही!' ब्राझीलमध्ये तेव्हा खरोखरच कॉफीची पोती जाळून टाकली गेली. मळेवाला सुतळी सोडतो. सुतळी सैल पडते. खलाशाच्या हातात ती लोंबकळते, मग हमालाच्या, मग विणकराच्या. शेवटी शेतकरणीच्या पायाशी ढीग होतो. एकही व्याख्या न सांगता मुलांना कळते, की मंदी एका टोकाला सुरू होते आणि दुसऱ्या टोकाला कशी पोचते.

इथेच फळ्यावर एक हिशेब मांडावा. तागाचे भाव त्या काळात साठ टक्क्यांहून अधिक कोसळले होते. समजा, शेतकरणीने सावकाराकडून शंभर रुपये घेतले तेव्हा तागाचा भाव मणाला दहा रुपये होता. म्हणजे दहा मण ताग विकला की मुद्दल फिटले असते. भाव चार रुपयांवर आला, तर तेच शंभर रुपये फेडायला पंचवीस मण ताग लागेल. जमीन तेवढीच, हात तेवढेच आणि कर्जाच्या कागदावरचा आकडाही तेवढाच. शेतकऱ्याचे कर्ज का फिटेना, याचे उत्तर या एका गुणाकारात आहे. हे ओझे इतके वाढले, की बंगालमध्ये १९३५ साली शेतकऱ्यांच्या कर्जाच्या तडजोडीसाठी कायदा करावा लागला.

प्रवेश दुसरा : मनीऑर्डर

रंगमंचाच्या एका बाजूला गिरणीचा भोंगा वाजतो. दुसऱ्या बाजूला बिहारमधल्या खेड्यात एक बाई पोस्टमनची वाट पाहते. मधे रिकामी जागा. विणकराची भूमिका करणारा मुलगा मनीऑर्डरचा फॉर्म भरतो आणि दरवेळी आकडा कमी करतो.

कारण साधे आहे. १९३१ मध्ये ताग गिरण्यांच्या मालकसंघटनेने कामाचा आठवडा चाळीस तासांवर आणला आणि काही मागांना सील ठोकले. हजारो कामगार घरी बसले. उरलेल्यांच्या हाती कमी तासांची कमी मजुरी पडू लागली. गंमत अशी, की दोनच वर्षांपूर्वी, १९२९ साली, याच गिरण्यांनी कामाचे तास वाढवले म्हणून मोठा संप झाला होता. प्रभावती दासगुप्ता ही तरुणी त्या संपाच्या पुढाऱ्यांपैकी एक होती. वर्गातल्या मुलींना हे आवर्जून सांगावे.

फॉर्मच्या खालच्या कोपऱ्यात निरोपासाठी थोडी जागा असते. तिथे काय लिहायचे ते मुलाने स्वतः ठरवावे. तयार संवाद देऊ नये. कमी पैसे पाठवताना माणूस घरी काय लिहील? खरे लिहील की दडवील? कोकणातल्या आणि घाटावरच्या घरांना हा प्रश्न अनोळखी नाही. मुंबईच्या मनीऑर्डरीवर कित्येक गावे जगली आहेत.

प्रवेश तिसरा : सराफाची पेढी

मंदीत सगळेच बुडाले, असे मुलांना वाटते. तसे झाले नाही, आणि चांगल्या नाटकाने हे दाखवायलाच हवे. म्हणून तिसऱ्या प्रवेशात पेढीवर दोन गिऱ्हाइके येतात. एक शेतकरीण, पाटल्या मोडायला. दुसरा गार्डन रीचच्या कचेरीतला कारकून, मुलीच्या लग्नासाठी दागिने पाहायला.

कारकुनाचा हिशेब असा. कोलकात्याच्या घाऊक भावांचा निर्देशांक १९१४ साली १०० धरला, तर १९२९ मध्ये तो १४१ होता आणि १९३३ मध्ये ८७ वर आला. सरकारने १९३१ च्या अखेरीस आपल्या नोकरांच्या पगारात दहा टक्के कपात केली. समजा, आपल्या कारकुनालाही तेवढीच कपात लागली आणि शंभराचे नव्वद झाले. तरी त्या नव्वद रुपयांत, घाऊक भावाने पाहिले तर, पूर्वी सुमारे एकशे पंचेचाळीस रुपयांना मिळणारा माल येऊ लागला. ज्याची नोकरी टिकली, त्याला स्वस्ताई लाभली. ज्याची गेली, त्याला स्वस्ताईचा काय उपयोग? रेल्वेतही हजारो माणसे त्या वर्षांत कमी केली गेली.

आता शेतकरणीकडे वळू. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णचलन सोडले. पौंडाला बांधलेला रुपयाही त्याच्याबरोबर घसरला आणि सोन्याचा भाव चढू लागला. साधारण एकवीस रुपये तोळा असलेले सोने १९३५ च्या सुमारास पस्तीस रुपयांच्या आसपास गेले. घरोघरचे सोने बाहेर आले. कोणी चढ्या भावाच्या लोभाने विकले, पण पुष्कळांनी शेतसारा आणि व्याज भरण्यासाठी मोडले. काही वर्षांत शेकडो कोटी रुपयांचे सोने देशाबाहेर गेले, बरेचसे मुंबई बंदरातून. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांच्या मते या सोन्याने जगाच्या सावरण्याला हातभार लावला. ज्या बाईच्या हातातल्या पाटल्या गेल्या, तिच्यापर्यंत ते सावरणे मात्र फार उशिरा पोचले.

प्रवेश चौथा : चाळीस तास

शेवटच्या प्रवेशात लिखित संवाद नसतातच. वर्गाचे दोन भाग करावेत आणि गिरणीमालक व कामगार यांच्यापुढचा तेव्हाचा खरा पेच मांडावा. माल खपत नाही. मग काही माणसांना काढायचे आणि बाकीच्यांना पूर्ण मजुरी द्यायची, की सर्वांचे तास कमी करून सर्वांनी थोडे थोडे उपाशी राहायचे? तिसरा मार्ग आहे का? नफ्याच्या दिवसांत साठवलेल्या पैशांचे काय? दहा मिनिटे वाद झाला, की बाजू बदलायच्या. मालक कामगार होतात, कामगार मालक.

वाद संपल्यावर शिक्षकांनी प्रत्यक्षात काय झाले ते सांगावे. तास कमी झाले, माणसेही गेली. असंतोष धुमसत राहिला आणि १९३७ मध्ये बंगालच्या ताग गिरण्यांत दोन लाखांहून अधिक कामगारांनी संप केला. मुंबईच्या कापड गिरण्यांत तर मजुरीकपातीविरुद्ध १९३४ मध्येच सार्वत्रिक संप झाला होता.

बाजू बदलण्याचा नियम भूमिकांनाही लावावा. वर्गात ज्याच्या घरी खरीच ओढाताण आहे, त्याच मुलाला गरिबाची भूमिका देणे ही क्रूर चेष्टा होते. आणि सावकार म्हटले की मिशांना पीळ देऊन खदाखदा हसणारा खलनायक उभा करण्याचा मोह आवरावा. त्या मंदीत लहान सावकारांचाही पैसा अडकला. त्यांनी नवे कर्ज देणे थांबवले, म्हणून शेतकरी अधिकच कोंडीत सापडला. खलनायक एकच असता, तर मंदी समजणे किती सोपे झाले असते!

चित्रांवर किती विश्वास ठेवावा?

भोंग्याचा आवाज, जुने नकाशे, छायाचित्रे, वयस्कर माणसांच्या मुलाखती, हे सारे आता एका मोबाइलवर गोळा होते आणि भिंतीवर दाखवता येते. पण साधन सोपे झाले, की जबाबदारी वाढते.

डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेले एका स्थलांतरित आईचे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. या कुटुंबाने अन्नासाठी गाडीचे टायर विकले, असे लँग यांनी नोंदवले होते. पुढे १९७८ मध्ये ती आई, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, लोकांसमोर आली, आणि टायर विकल्याची गोष्ट खरी नसल्याचे कुटुंबाकडून सांगण्यात आले. चेहरा खरा, दैन्य खरे. सोबतच्या मजकुराबद्दल मात्र वाद. मुलांना हे उदाहरण जरूर दाखवावे. 'हे कोणी काढले? केव्हा? खालचा मजकूर कोणी लिहिला?' हे तीन प्रश्न विचारायची सवय लागली, तरी प्रकल्प सार्थकी लागला.

आज तर संगणकाला चार शब्द सांगितले, की १९३१ च्या गोदीचे 'जुने' छायाचित्र तो क्षणात बनवून देतो. असे चित्र प्रकल्पात वापरू नये आणि वापरलेच तर 'हे काल्पनिक' असे ठळक लिहावे. नाटकात कल्पना चालते, कारण नाटक पाहणाऱ्याला ते नाटक आहे हे ठाऊक असते. पुराव्यात ती चालत नाही.

मग खरा पुरावा कुठे? १९२९ मध्ये नेमलेल्या आणि १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या व्हिटली आयोगाकडे. भारतातल्या कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या या आयोगावर आपले नारायण मल्हार जोशी सभासद होते. आयोगाने गावोगावी साक्षी घेतल्या आणि त्यांचे खंड छापले. मालक काय म्हणाले, अधिकारी काय म्हणाले, कामगार काय म्हणाले, ते त्यात आहे. मोठ्या ग्रंथालयांत हे खंड सापडतात. गार्डन रीचपासून फार दूर नसलेले अलीपूरचे राष्ट्रीय ग्रंथालय अशा शोधासाठीच आहे. चार साक्षी निवडून मुलांनी त्या आलटून पालटून वाचल्या, तर नाटककाराचीही गरज उरत नाही.

घरचा पुरावा

या प्रकल्पात पालकांचे काम मोठे आहे. १९३१ मध्ये दहा वर्षांची असलेली माणसे आता क्वचितच भेटतील. पण त्यांनी सांगितलेले ऐकणारी माणसे घराघरांत आहेत. आजी सांगते, 'माझ्या सासूच्या पाटल्या तेव्हा मोडल्या, त्या पुन्हा झाल्याच नाहीत.' आजोबांना आठवते, की त्यांच्या वडिलांनी शाळा सोडून गिरणी धरली. ट्रंकेच्या तळाशी एखादे गहाणखत असते, सावकाराची पावती असते, जमाखर्चाची वही असते. मुलाला ती काढून दाखवा. आजीची परवानगी घेऊन तिचे बोलणे मोबाइलवर मुद्रित करून घ्या आणि तारीख, नाव, नाते लिहून ठेवा. सासूच्या पाटल्या १९३१ मध्येच मोडल्या की १९४३ च्या महागाईत, याची खात्री मुलाला करू द्या. ती करता करताच तो इतिहासकाराचे काम शिकतो.

एक अडचण येईल, तिची तयारी ठेवा. जुन्या कर्जाची गोष्ट निघाली, की मूल आजच्या कर्जाबद्दल विचारील. 'आपल्या घराचा हप्ता किती आहे? बाबांची नोकरी गेली तर?' कारखाने बंद होताना, टाळेबंदीत पगार कापले जाताना घरातल्या कुजबुजी मुलांनी ऐकलेल्या असतात. 'तू अभ्यास कर, तुला काय करायचे आहे?' असे म्हणून त्यांना गप्प करू नका. घरचा जमाखर्च त्यांच्या वयाला झेपेल एवढा समोर मांडा. महामंदीचे नाटक पाहिलेल्या मुलाला आकड्यांची भीती वाटत नाही. कर्ज ही लाज नसून हिशेब आहे आणि तो हिशेब कधीकधी एकट्याच्या हाताबाहेरच्या कारणांनीही बिघडतो, हे त्याला सुतळी हातातून सैल पडताना कळलेले असते.

येत्या सुट्टीत शाळेच्या शिक्षकांकडे हा विषय काढून पाहा. खर्च म्हणाल, तर वाण्याकडून आणलेला सुतळीचा एक गुंडा.